अडकलेलं दार कसं उघडावं

आमच्या घरात एखादी वस्तू धड दिसली की यांचे हात शिवशिवतात. पूर्वी असं नव्हतं. गळका नळ दुरुस्त करतानाचा यांचा एक व्हिडिओ लोकांनी डोक्यावर घेतला आणि तेव्हापासून आमच्या घराचं चॅनल झालं. दुरुस्ती दाखवायची तर आधी काहीतरी मोडलेलं हवं. आमच्याकडे मोडलेलं फारसं नव्हतं, मग हेच मोडू लागले. खुर्चीचा पाय सैल केला, खिडकीची कडी उपटली, मिक्सर तर अजून टेबलावर आतडी बाहेर काढून बसलाय. कॅमेऱ्याकडे बघून "सोपं आहे!" म्हणायची यांची लकब. करायला सोपं यांना, निस्तरायचं मला.

फोन धरणारी मीच. फोनही माझाच, कारण त्याचा कॅमेरा चांगला.

त्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात माझी मुलाखत होती. स्वागतकक्षातली नोकरी. लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी मला कामासाठी बोलावलं होतं आणि मला ती नोकरी मनापासून हवी होती. पगाराचं एक वेळ राहू दे, पण दिवसभर बसायला एक न डुगडुगणारी खुर्ची हवी होती. "वेळेवर या," तिथल्या बाईंनी बजावलं होतं, "अजून एक बाई येणार आहेत."

इस्त्रीचे कपडे घालून मी खोलीत केस विंचरत होते, तेवढ्यात हे आले.

"अगं, तू आत आहेसच तर दोन मिनिटं तशीच थांब. 'अडकलेलं दार कसं उघडावं' घेतो. तू आतून फक्त ठोठाव."

"अहो, मला निघायचंय."

"दोनच मिनिटं. तारेने उघडतं, सोपं आहे."

मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर चार दिवस तोंड पाडून बसले असते. दार बंद झालं. आतली मूठ यांनी आधीच्या कुठल्याशा व्हिडिओसाठी काढलेली, त्यामुळे आतून उघडायची सोय नव्हती. मी ठोठावलं. खट् करून दार उघडलं, समोर हे हसत उभे. चला, सुटले, म्हणून मी पर्स उचलली तर म्हणाले, "आवाज रेकॉर्डच झाला नाही. परत एकदा."

परत दार बंद. या वेळी लॉकमध्ये काहीतरी कटकन मोडलं.

"काय झालं?"

"काही नाही. तार तुटली आत. तू ठोठावत राहा, अगदी खरंखुरं वाटतंय."

"खरंच आहे ते! उघडा आधी!"

"अरे, सुताराला बोलव," बाहेरून सासूबाई यांना म्हणाल्या.

"आई, सुतार बोलावला तर मग चॅनल कसलं?"

मी पलंगावर बसले, उठले, पुन्हा बसले. खिडकीला गज. खाली रस्त्यावरून माणसं आपापल्या कामाला चालली होती. मला त्यांचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणीच आलं. हातात पर्स घेऊन मी माझ्याच खोलीत कोंडलेली, आणि दाराबाहेर हे लोकांना समजावतायत, "घाबरून जायचं नाही. शांत राहायचं."

तेवढ्यात माझा फोन वाजला. दाराबाहेर, स्टँडवर. या वेळी दवाखान्याशिवाय मला कोण फोन करणार?

"उचला! अहो, उचला तो!"

रिंग मध्येच थांबली.

"काय म्हणाल्या?"

"कट केला. रेकॉर्डिंग चालू होतं ना, सगळं बोंबललं असतं. नंतर कर तू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दार आत उघडणारं, म्हणजे बिजागऱ्या माझ्या बाजूला. त्यांना तेल घालायचा व्हिडिओ मीच काढला होता. आतल्या सळया खालून वर ठोकून निघतात, हे बघितलं होतं. कात्रीचं टोक खालून लावलं आणि चपलेच्या टाचेने ठोकत सुटले. नख मोडलं, बाह्या काळ्या झाल्या. शेवटची सळई निघाली तसं दार त्या बाजूने ओढलं. ते चौकटीतून सुटलं आणि धाडकन पलंगावर आडवं झालं.

बाहेर हे डोळे विस्फारून उभे. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. कुणी काही बोलायच्या आत मी स्टँडवरून फोन ओढला आणि दवाखान्यात लावला.

बाई गोड बोलल्या. "तुम्ही फोन कट केलात तेव्हाच समजलो आम्ही. घरून जमत नाही, पुष्कळ जणींचं होतं असं. त्या दुसऱ्या बाईंना आत्ताच हो म्हटलं."

"मी नाही कट केला," मी म्हटलं. तोवर त्यांनी ठेवला होता.

हे मागे चुळबुळत उभे होते. "झालं बोलून? अगं, कमाल केलीस! हे कुणाच्याच चॅनलवर नाही. चल, दार बसवू आणि आतून एकदा नीट घेऊ. बाह्या तशाच राहू देत."

मला ओरडायचं होतं. त्याहून जास्त रडायचं होतं. पण दार पलंगावर पडलं होतं, झोपायचं आम्हाला तिथेच होतं, आणि दार एकट्याने बसवता येत नाही. एका बाजूने यांनी उचललं. दुसऱ्या बाजूने मी धरलं.