पांढऱ्या भुकटीची पिवळी झाक

सोमवारी कोर्दोबाहून सेलिनाचा फोन आला आणि लिओनोर एचासूच्या डोक्याला भुंगा लागला. शुक्रवारी तिच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा होती, ब्वेनोस आयरेसहून परीक्षक यायचे होते. सेलिना तिची जुनी मैत्रीण, तिकडच्या प्रयोगशाळेत काम करणारी. तिने लिओनोरच्याच कृतीने टायटॅनियम ऑक्साइडची भुकटी केली होती. ती मैद्यासारखी पांढरी निघाली आणि पाण्यात टाकल्याबरोबर तळाला जाऊन बसली.

"कृती अगदी बरोबर आहे गं," सेलिना म्हणाली. "तूच काहीतरी लिहायचं विसरलीस."

सगळा प्रबंध त्या एका गोष्टीवर उभा होता. लिओनोरची भुकटी फिकट पिवळी निघे आणि पाण्यात दिवसचे दिवस तरंगत राही. कण एकमेकांना चिकटत नसत, म्हणून त्या भुकटीच्या दाबून केलेल्या चकत्या भाजल्यावर तडकत नसत. भट्टीत कणांच्या पृष्ठभागावरचा ऑक्सिजन उडतो, म्हणून हे होतं, असं तिने ठासून लिहिलं होतं. तिचे मार्गदर्शक डॉन एवारिस्तो पागानो यांनी त्यावर मान डोलावली होती.

मग काय, बाईला चैन पडेना. तिने पाणी बदललं, मूस बदलली, भट्टी बदलली. तिच्या बाहिया ब्लांका शहराचा वारा खिडक्या खडखडवत होता, तर तिने वाऱ्यावरही संशय घेतला आणि फटींना चिकटपट्टी लावली. भुकटी पिवळी ती पिवळीच. सेलिनाची मात्र पांढरी. घरी आई म्हणाली, जेवताना तरी पाय हलवू नकोस, टेबल हलतंय.

बुधवारी डॉन एवारिस्तो दाढ काढायला गेले. त्या दिवशीची भुकटी पांढरी निघाली.

आज काय नव्हतं? म्हातारा नव्हता. पण तो तर भुकटीला बोटसुद्धा लावत नाही. लिओनोर रात्रभर कूस बदलत राहिली.

गुरुवारी सकाळी ते आले, एक गाल सुजलेला, काखेत गरम पाण्याचा थर्मास. प्रयोगशाळेच्या दारावर मोठी पाटी होती, आत खाण्यापिण्यास मनाई. पण त्या देशात मातेचा कडू काढा घेण्याला खाणंपिणं कोण म्हणतो? त्यांनी नेहमीसारखा भोपळ्याचा पेला येर्बा नावाच्या पाल्याच्या वाळक्या चुऱ्याने भरला, त्याच्या तोंडावर तळहात ठेवला, पालथा करून खडखडून हलवला. सगळेच हलवतात, नाहीतर बारीक पूड ओढायच्या नळीत अडकते. मग त्यांनी हिरवा झालेला तळहात दुसऱ्या हातावर झटकला. खाली, भट्टीतून काढलेल्या बशा उघड्या निवत होत्या.

चार वर्षं लिओनोर हे रोज बघत होती. भट्टीतून निघालेला कण भुकेला असतो, समोर येईल त्याला धरतो, हे पहिल्या प्रकरणात तिनेच लिहिलं होतं.

डॉन एवारिस्तोंनी पाणी ओतून पहिला पेला स्वतः घेतला, दुसरा भरून तिला दिला. ती गप्प राहिली असती तर उद्या कुणाला कळणार होतं? परीक्षकांपैकी एकानेही कधी भुकटी केली नसती. तिने माते संपवलं आणि पेला परत दिला.

"ग्रासियास," ती म्हणाली.

पेला परत देताना ग्रासियास, म्हणजे आभार, म्हटलं, की त्या माणसाला आणखी नको असं समजायचं. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "एकातच? पोरी, बरं नाही का तुला?"

"हात द्या, डॉन एवारिस्तो."

तिने त्यांचा तळहात कालच्या पांढऱ्या भुकटीच्या पाण्यावर झटकला आणि ढवळलं. दोघं वाट बघत राहिले. पाणी हळूहळू पिवळं झालं आणि भुकटी खाली बसायची थांबली.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे ऑक्सिजन नाही."

"येर्बा."

"हे उद्या बोललीस तर पदवी वर्षभर पुढे जाईल."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं.

ते उठले, परीक्षकांना फोन लावला आणि सुजल्या तोंडानेच सांगितलं, उद्या येऊ नका, चूक माझ्या हाताची आहे. समोरच्याला ते अक्षरशः खरं आहे हे कळलं नसणार. फोन ठेवून त्यांनी थर्मास उचलला आणि तिच्या हातात दिला. त्या थर्मासला त्यांनी आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता.

"चल बाहेर, पायऱ्यांवर. आणि आता तू ओतायचं. त्या पाल्यातलं नेमकं काय चिकटतं, ते शोधायला वर्ष लागेल."

पायऱ्यांवर वारा नुसता पिसाळला होता. तिने पहिला पेला रिवाजाप्रमाणे स्वतः घेतला, दुसरा भरून त्यांना दिला. नळी खरखरेपर्यंत त्यांनी तो ओढला आणि परत केला. ग्रासियास काही म्हणाले नाहीत.