मेणाचे भांडे आणि आखडलेली बोटे

मित्रांनो, मी एक जुने भांडे आहे खरे, पण माझ्यात कधी काही शिजले नाही. माझ्या पोटात असते कोमट, पातळ मेण. व्यायामोपचाराच्या खोलीत खिडकीशी माझी जागा. सांधे आखडलेली माणसे माझ्यात हात बुडवतात, काढतात, पुन्हा बुडवतात. हातावर मेणाचा पांढरा मोजा चढतो. मी नवे होते तेव्हा सगळे कौतुकाने माझ्यात डोकावत. मला मात्र एक कोडे पडले होते. रात्रभर विसावलेला हात सकाळीच सर्वांत जास्त का आखडतो?

एकदा केस कापणाऱ्या एक बाई आल्या. संधिवाताने बोटे सुजली, कात्री धरवेना, म्हणून दुकान बंद. सोबत यजमान. बाईंची बटणे तेच लावत, पेलाही तेच तोंडाशी धरत.

"मी असताना हिनं बोट तरी का हलवावं?" ते अभिमानाने म्हणाले.

व्यायाम शिकवणाऱ्या ताई हसल्या. "काका, सांधा स्थिर राहिला की आणखी आखडतो. म्हणून तर सकाळी त्रास जास्त. औषध चालूच ठेवा, पण आता सूज उतरलीय, हात हलायला हवा."

माझे कोडे असे सुटले!

ताईंनी हातावरून सोललेल्या मेणाचा ऊन गोळा बाईंना मळायला दिला. बाईंचा चेहरा वेडावाकडा झाला. काकांचा हात लगेच पुढे.

"अहो, हात मागे घ्या!" बाई कडाडल्या.

तेव्हापासून काका बाहेर बाकावर बसून नखे कुरतडत.

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते. सांधे लाल, गरम झाले की ताई बाईंना माझ्याजवळ फिरकूही देत नसत. पण एके दिवशी बाई कात्रीच घेऊन आल्या. कात्रीच्या मुठीला जाड कापड गुंडाळलेले. काकांना खुर्चीत बसवले आणि थांबत थांबत त्यांचे केस कापू लागल्या.

"दुखतंय का गं?"

"दुखतंय थोडं. मान हलवू नका."

एका कानावर जरा जास्तच कापले गेले. काकांचे लक्ष कुठे होते? ते भिंतीवरच्या आरशात बाईंची बोटे बघत होते.

आता माझे झाकण चेपले आहे, मेण तापल्याचे सांगणारा दिवा मनात आले तर लागतो. मला पुसून बाजूला ठेवले तरी मी खूश. पण मित्रांनो, घरात कुणाचे हात दुखत असतील तर त्यांच्या हातातले काम हिसकावू नका. आधी विचारा, 'मी करू, की तुम्ही करता?' आणि उत्तर येईपर्यंत थांबा.