चुना घातलेली जमीन

"दोन पावसाले झाले! जमीन फुगतं नी भितीला हातभर तरा जातं. ह्या साली फुगली तर मी चालली भावाकडं कोपरीला. मंग बस एकलाच!"

सरस्वतीवहिनीचा आवाज थेट आमच्या ओटीवर आला. बाई बोलली की करते, हे आख्ख्या ठाकुर्लीला ठाऊक. तिचा नवरा दामाजी माझा शेजारी, पण चूक त्याचीच. भाताच्या खाचरात, काळ्या चिकणमातीवर कोण शहाणा घर बांधतो? ती माती पाणी प्याली की फुगते नि उन्हात आवळते, मग भिंतीला तडे जाणारच.

मग मीच त्याला चाळीतल्या सखारामकडे नेलं. सखाराम रस्त्याच्या कामावर मुकादम. तो म्हणाला, "घरातली नि भिंतीकडेची जमीन दोन फूट खणा. ढेकळं फोडा, चुना कालवा, पाणी मारा, वरून धुम्मस हाणून माती घट्ट ठोका. मातीची फुगायची खोडच मोडते. फक्त चुन्यात अनवाणी जाऊ नका हां, गमबूट घाला."

"गमबूट?" वाटेत दामाजी फिस्सकन हसला. "धाकू, मिठागरं आपले बापजाद्यांनी पायांनी तुरवली. मना तो बूट शिकवतं!"

झालं! आम्ही आठ गडी एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, मिठागरात तुडवतात तशी गाणं म्हणत खणलेली, चुना कालवलेली माती तुडवायला लागलो. तासाभरात गाणं थांबलं नि बोंब सुरू झाली. तळव्यांची सालटी निघाली हो! आठही जण तळ्याकडे पळालो, बोंब ऐकून आलेला सखाराम मागून शिव्या घालतोय. पण भला माणूस. उरलेलं काम त्यानंच चार दिवस धुम्मस हाणून पुरं केलं.

पाऊस त्या साली मरणाचा कोसळला. वहिनीनं पेटी भरून ठेवलेली. रोज सकाळी ती जमिनीवरून हात फिरवायची.

नारळी पुनवेला ती बाजारातून आली. जमीन फुगली की दार अडायचं, म्हणून दोन वर्षांच्या सवयीनं तिनं दाराला खांदा हाणला. दार अलगद उघडलं नि वहिनी नारळांसकट आत पालथी!

दामाजी धावला. वहिनी जमिनीवरच उठून बसून हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"फुगली नाय रं!" ती म्हणाली. "बगतंस काय? पेटी खोल, माजी लुगरी भायेर कार."