डावीकडे ओढणाऱ्या मोटारसायकलची जबानी

मी मोटारसायकल बोलतेय. जुनी, काळी, टाकीला पोचा आलेली. आधीच सांगून ठेवते, माझा कोणावर विश्वास नाही. हसत जवळ येऊन टाकीवर थोपटणाऱ्यावर तर मुळीच नाही. असा माणूस एक तर चक्कर मारायला फुकट मागणार असतो, नाहीतर विकत घ्यायला येऊन खोट काढणार असतो.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझं नाक सरळ होतं. हात जरा सैल सोडले तरी चाक आपल्या रेषेत धावायचं. पहिला मालक शाळामास्तर. त्याने मला फार जपलं. जपलं म्हणजे काय, झाकून ठेवलं. रविवारी पुसायचा आणि सोमवारी बसने शाळेत जायचा. उभ्या उभ्या माझी टायरं कडक झाली, तेव्हा त्याने मला काचवाल्याला विकलं.

काचवाला घरोघरी, दुकानोदुकानी जाऊन खिडक्यांना काचा बसवतो. त्याने माझ्या डाव्या अंगाला लाकडी घोडी बांधली, तिच्यात जुन्या चादरी घातल्या आणि काचा उभ्या केल्या. अठरा वर्षं ओझं एकाच अंगाला. तोल राहावा म्हणून तो उजवीकडे कलून बसायचा. पुढेपुढे तो गाडीवरून उतरला तरी कललेलाच दिसायचा. त्याची बायको म्हणायची, लग्नात सरळ माणूस दिला होता, आता या गाडीने बदलून दिलाय.

माणूस वाईट नव्हता. पण त्याला एक खोड होती. माझं हँडल जरा थरथरलं की तो छिन्नी आणि हातोडी घेऊन यायचा आणि माझ्या मानेवरचा नट ठोकून ठोकून आवळायचा. काच घेऊन जायचं तर काही हलता कामा नये, असं त्याचं म्हणणं. थरथर चार दिवस थांबायची. पण मान अशी आवळली की चाकाला स्वतःहून सावरता येत नाही. रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट मानेत बसायचा. मानेतल्या बेअरिंगच्या गोळ्यांनी आपल्या वाट्यांत खळगे पाडले. मग हँडल त्या खळग्यांत अडायचं आणि जोर लावला की एकदम सुटायचं. मी चालत नव्हते, डुलत होते. लोकांना वाटायचं, काचवाला सकाळीसकाळी घेऊन निघतो. तो बिचारा चहाच्या पुढे कधी गेला नाही.

एके दिवशी पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर, एका दुकानाची मोठी काच असताना, हँडल अडलं आणि सुटलं. आम्ही तिघंही पडलो. काच गेली, माझ्या टाकीला पोचा आला आणि त्याचं डावं मनगट मोडलं. उठल्या उठल्या त्याने जमलेल्या लोकांना सांगितलं, गाडीने ओढलं. मी ऐकून घेतलं. करते काय?

प्लास्टर निघालं, पण बोटं पुरती मिटेनात. क्लच दाबता येईना. त्याची लेक बापाच्या हाताखाली माप घ्यायला, काच कापायला शिकलेली. गाडीही चालवायची. ती म्हणाली, कामं मी करते.

"त्या भवानीवर बसून?" त्याची बायको, म्हणजे आमची बाई, म्हणाली. "बापाचा हात खाल्ला तिने. आता तुझा देऊ?"

दुसऱ्याच दिवशी भंगारवाला आला. त्याने माझं मागचं अंग उचलून पाहिलं आणि डोळ्यांनीच वजन केलं. मला कळलं. गाडी नाही तर काचेचं काम नाही. लेकीला मग औषधाच्या कारखान्यात दिवसभर बाटल्या भराव्या लागणार होत्या. तिची तिथे नोकरीही ठरत आली होती. लेक आईच्या मागेच लागली, एकदा मिस्त्रीला दाखवू, सरळ झाली नाही तर मीच भंगारात ढकलत नेईन.

"दाखव," बाई म्हणाली. "पण मी समोर बसणार."

मिस्त्रीच्या चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. त्याने मला दोनदा मागेपुढे ढकललं आणि म्हणाला, "बघू." झालं! मागे एका 'बघू'वाल्याने माझा कार्ब्युरेटर धुवायला नेला आणि दुसऱ्याच कुणाचा आणून बसवला. अजून तो खोकतो.

बाईही काही कमी नव्हती. उलट्या खोक्यावर बसली, पिशवीतून पत्र्याचा डबा काढला आणि मिस्त्रीला बजावलं, काढलेला प्रत्येक तुकडा या डब्यात, कुठला टाकायचा ते मी ठरवेन. मिस्त्रीने मान हलवली. मग तो काम करत होता आणि आम्ही दोघी त्याच्या हातांवर डोळा ठेवून होतो. तिचं माझं एकमत झाल्याचं ते पहिलंच.

त्याने मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरा ताणला. मागचं चाक भलतीकडेच बघत होतं. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश एका अंगाने झिजलेले. पुढच्या एका शॉकअपमधून काळं ऑइल निघालं, दुसऱ्यातून नुसते चार थेंब. शेवटी त्याने माझी मान उघडली आणि वाट्या पुसून बाईच्या हातावर ठेवल्या. तिने नख फिरवलं. नख अडलं.

"हे कुणी केलं?"

"आवळून आवळून झालंय, वहिनी," मिस्त्री म्हणाला.

काचवाला दाराशी उभा होता. मग काय ढिली ठेवून काचा न्यायच्या का, असं काहीतरी पुटपुटला. बाई त्याच्याकडे वळली.

"अहो, खिडकीत काच बसवताना कडेने जागा सोडता ना?"

"सूतभर सोडतो."

"का?"

"घट्ट बसवली तर उन्हात तडकते."

"मग हिचाच गळा काय म्हणून आवळत बसलात अठरा वर्षं?"

मिस्त्री उगाचच पाना शोधायला लागला. मला मात्र धडकी भरली. काल भंगारवाल्याला बोलावणारी बाई आज माझी बाजू घेते म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय.

मिस्त्रीने नव्या वाट्या, नव्या गोळ्या, भरपूर ग्रीस घातलं. नट आवळला आणि पुन्हा केसभर मागे घेतला. दोन्ही शॉकअपमध्ये मोजून सारखं ऑइल भरलं. बुश बदलले, पुढे नवं टायर घातलं, दोरा लावून मागचं चाक रेषेत आणलं. लेकीने घोडी तोडून दोन्ही अंगांना सारखी बांधली. आता काचा दोन्हीकडे, निम्म्या निम्म्या.

"चला," बाई म्हणाली, "त्या वळणावर. मी मागे बसते."

लेकीचा चेहरा उतरला. मिस्त्री पहिल्यांदाच एवढं लांब वाक्य बोलला, वहिनी, आधी रिकामी फिरवून आणतो. बाई ऐकते कसली. काचा भरल्या, पदर खोचला आणि बसली.

खरं सांगते, तेव्हा मला माझाच संशय आला. वाट्या नव्या असल्या तरी अंगाला डुलायची सवय जुनी. पाण्याची टाकी दिसली, वळण आलं, पुढे खडी पसरलेली. लेकीने हँडल असं धरलं की मूठ पांढरी पडली.

"हात सैल सोड," मागून बाई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तुझ्या बापाची दुसरी आवृत्ती नको मला."

हात सैल झाले. खडीवर माझं नाक एकदा हललं, आणि आपलं आपण रेषेत आलं. काचा वाजल्यासुद्धा नाहीत. वळण मागे पडलं.

बाईने गाडी थांबवायला लावली आणि उतरली. लेकीला म्हणाली, जा, त्या दवाखान्याच्या खिडक्या राहिल्यात, त्या बसवून ये. लेक म्हणाली, घरापर्यंत सोडते ना तुला.

"नको. मागे बसलं की मला तुझी पाठच दिसते. इथून सगळं दिसेल."

रस्ता संपेपर्यंत ती तिथे उभी होती. आरशात मी तिच्यावर नजर ठेवली होती.

आता लेक रोज मला घेऊन कामाला जाते. निघण्याआधी बाई मला मोठ्या स्टँडवर घेते. नवऱ्याला मागे बसवते, म्हणजे माझं पुढचं चाक उचललं जातं. मग एका बोटाने हँडल ढकलते. ते दोन्हीकडे आपोआप पडलं तरच किल्ली लेकीच्या हातात देते. भंगारवाल्याचा नंबर तिने अजून भिंतीवरून खोडलेला नाही. मीही तिच्याकडे सरळ नजरेने बघत नाही. आमचं बरं चाललंय.

तुमच्या दारात माझ्यासारखी एखादी असेल, तर एवढंच मागते. तिचे लाड करू नका, तिच्यावर संशय घ्या. तिची मान तपासा, चाकांना दोरा लावा, काढलेले तुकडे स्वतः हातात घेऊन बघा. लाड करणारा पुसून मोकळा होतो. संशय घेणारा वाकून बघतो.

पुरे झालं आता. बाई बोट पुढे करून आलीय.