दारात पाय

बाबांनी लिफ्टच्या दारात उजवा पाय घातला आणि तो काढेनात. दार यायचं, त्यांच्या बुटाला टेकायचं, मागे सरायचं, पुन्हा यायचं. आत बारा माणसं दाटीवाटीने उभी होती आणि बाहेर रांगेत साठेक.

"उतरा सगळे," बाबा म्हणाले. "या लिफ्टने कुणी वर जायचं नाही."

राजधानीतला प्रसिद्ध मनोरा होता तो. दोन दिवसांची सहल. सकाळी राजवाडा, आता मनोरा, दुपारी संग्रहालय, आणि प्रत्येक ठिकाणी गाइडने मोजून दिलेली चाळीस मिनिटं. राजवाडा पाहिला काय नि न पाहिला काय, बाबांना सारखंच होतं. त्यांना मनोऱ्यावर जायचं होतं. छत्तीस वर्षं त्यांनी आमच्या शहरातल्या लिफ्ट दुरुस्त केल्या. प्रत्येक उंच इमारतीच्या माथ्यापर्यंत ते गेले, पण अंधाऱ्या पोकळीतून, लिफ्टच्या टपावर उभे राहून. आणि पोचायचे ते बिनखिडकीच्या यंत्रखोलीत. उंचावरून शहर कसं दिसतं, ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. फुप्फुसांचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन थोडेच महिने उरल्याचं सांगितलं. बाबांना ते ऐकू गेलं होतं. घरी येताना एवढंच म्हणाले, मला एकदा मनोऱ्यावर ने. घरचा एक जिना चढताना ते दोनदा थांबत. वर जायला त्यांना लिफ्टशिवाय मार्ग नव्हता.

आणि तीच ते अडवून उभे होते.

रांगेत ते मध्येच बोलायचे थांबले होते. मला वाटलं, दमले. ते ऐकत होते. लिफ्ट तीनदा खाली आली आणि तिन्ही वेळा, थांबायच्या जरा आधी, वरून कुठूनतरी बारीकशी टिक असा आवाज आला. त्यांनी सांगितल्यावरही मला तो ऐकू येईना. दोराची तार तुटून बाहेर आलीय, ते म्हणाले, कप्पीवरून जाताना लागतेय.

आमच्या गाइडच्या हातात कायम नारिंगी छत्री असे. त्याने आधी गोडीत घेतलं, काका, सगळ्यांचा खोळंबा होतोय. मग मला म्हणाला, ताई, तुम्हीच समजवा. रांगेतून कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. एक बाई म्हणाली, बरोबर मुलगी आहे ना, तिला तरी लाज वाटायला हवी. वाटत होती. मी बाबांची बाही धरली आणि हळूच विचारलं, ही काय आजच पडणार आहे का?

"आज नाही पडणार. उद्याही नाही. दोर काही एकच नसतो," ते म्हणाले. "पण ज्या दिवशी काही होईल, त्या दिवशी मी ऐकून गप्प बसलेला असेन."

"मग आपण वर जाऊन येऊ. खाली आलो की सांगा ना त्यांना."

हे मी बोलले. ते लपवत नाही.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "आणि मग या लोकांना काय सांगू? आमचं झालं, आता तुम्ही थांबा?"

तेवढ्यात तिथले साहेब आले. लिफ्टच्या भिंतीवर चौकटीत लावलेल्या कागदाकडे त्यांनी बोट दाखवलं. "महिन्यापूर्वीच तपासणी झालीय. हे प्रमाणपत्र वाचा."

"वाचलं. लिफ्टला वाचता येत नाही."

मागे कुणीतरी फिस्कन हसलं. साहेब लाल झाले. "तुम्ही कोण?"

"लिफ्टवाला."

"कुठल्या कंपनीचे?"

"आता कुठल्याच नाही."

साहेबांनी पोलिसांचं नाव काढलं. बाबा म्हणाले, बोलवा, पण त्यांनाही जिन्यानेच न्या. मग अगदी साध्या आवाजात त्यांनी तोड सुचवली. लिफ्ट रिकामी करा, तुम्ही एकटे वर जाऊन या, मी पाय काढतो.

साहेबांनी लिफ्टकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, आणि खिशातून फोन काढून मेकॅनिकला बोलावलं. आतली बारा माणसं एकेक करून बाहेर आली.

छत्रीवाला धडधाकट माणसांना जिन्याने वर नेऊन आणणार होता; मग बस संग्रहालयाकडे जाणार होती. आम्ही गेलो नाही. बिघडलेली लिफ्ट दुसरं कुणी ताब्यात घेईपर्यंत सोडायची नसते, हा बाबांचा नियम. गार्डने स्वतःची खुर्ची देऊ केली, तर तीही नको म्हणाले.

मेकॅनिक तासाभराने आला. हे कोण, हे त्याने विचारलं नाही. कुठे लागतं, एवढंच विचारलं आणि पिशवी घेऊन जिना चढला. आणखी तासाने तो उतरला तेव्हा त्याचे तळवे काळे झाले होते. साहेब पुढे झाले, पण तो बोलला बाबांशी.

"तीन तारा, काका. एकाच जागी."

"कप्पीची खाच बघितलीस?"

"झिजलीय."

"किती दिवस लागतील?"

"चार तरी."

आमची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. बाबांनी मान डोलावली. सावकाश कर म्हणाले. साहेबांनी स्वतःच्या हाताने 'बंद'ची पाटी लावली. आभार कुणी मानले नाहीत.

बाबा गेल्यावर भेटायला येणारी माणसं हळहळतात, राजधानीत जाऊनही मनोऱ्यावर जायचं राहूनच गेलं म्हणतात. सुरुवातीला मी सगळं सांगत बसे. आता नाही सांगत. राहून गेलं नाही, त्यांनी सोडलं, एवढंच म्हणते, आणि त्यावर कुणाला चुकचुकू देत नाही.

त्या दिवशी आम्ही बाहेर चौकातल्या दगडी पायऱ्यांवर बसलो. त्यांना मनोऱ्याचं टोक बघायचं होतं, पण मान तेवढी मागे जाईना. मी त्यांच्या डोक्यामागे हात धरला. हळूहळू त्यांनी सगळा भार माझ्या तळव्यावर सोडला. वरच्या सज्ज्याच्या कठड्यापाशी जिना चढून गेलेली माणसं मुंग्यांएवढी दिसत होती.

"पोचले," बाबा म्हणाले.