अंबाईच्या बनातली कळलावी

लोह्याला दिलेली वर्षाराणी महालक्ष्म्यांच्या सणाला माहेरी आली, आईच्या हातची पुरणपोळी न् आंबील पोटभर जेवली, आणि मोबाइलच्या स्टेटसला फोटो ठेवला तो काकीच्या घरच्या महालक्ष्म्यांचा. गुरम्माला हे शेजारणीकडून कळलं. तिनं पोरीला विचारलं, तर पोरगी हसून म्हणाली, "आई, आपलं दरसालचंच हाय की. काकीची आरास बघितलीस का तू?"

गुरम्मानं बघितली होती. सगळ्या गावानं बघितली होती.

शिल्पा तिची धाकटी जाऊ, लातूरची, शिकलेली. दीर वैजनाथ वेगळा निघाल्यावर त्यानं वेशीजवळ स्लॅबचं घर बांधलं आणि महालक्ष्म्याही दोन घरी उभ्या राहायला लागल्या. औंदा शिल्पानं मखराला कागद लावला नव्हता की लायटिंगच्या माळा सोडल्या नव्हत्या. वरपासून खालपर्यंत नुसती कळलावीची फुलं. पाकळ्या खाली पिवळ्या, टोकाला लाल, वाकड्या होऊन वर वळलेल्या. दोन्ही मुखवट्यांच्या मागं जाळ पेटल्यासारखा दिसत होता. मुखेडहून बाया जीप करून आल्या. गुरम्माच्या दारात हळदीकुंकवाला आलेल्या बाया उंबऱ्यावरूनच घाई करत होत्या, "चला गं, शिल्पाकडं अंधार पडायच्या आत जाऊ."

ही फुलं डोंगराच्या उतरणीवर, अंबाईच्या बनात यायची. पळस, बोरी, तरवडाची झुडपं आणि मधे अंबाईचा तांदळा, शेंदूर लावलेला बिनचेहऱ्याचा दगड. पावसाळ्यात त्या झुडपांवर कळलावीचे नाजूक वेल चढायचे. गावात ते अंबाईचं फूल. गुरं तिकडं कुणी सोडत नसे. गुरम्मा लग्न होऊन आली तेव्हा सासूनं, दानम्मानं, तिला बनात नेलं होतं. तांदळ्यापुढं हात जोडले, एका वेलाचं एक फूल खुडलं, लांबच्या दुसऱ्या वेलाचं एक. थोरल्या महालक्ष्मीला एक, धाकटीला एक. "दोनच. बाकीची तिची तिला राहू द्यायची. त्याची बोंडं धरतात, बी पडतं, तवा पुढच्या साली वेल येतो." सासू गेल्यावर हा मान गुरम्माकडं आला. महालक्ष्म्यांच्या केसात ते एकेक फूल दिसलं की बाया म्हणायच्या, गुरम्मा बनात जाऊन आली. एवढंच, पण ते तिचं होतं.

सण सरल्यावर ती शिल्पाच्या घरी गेली. शिल्पानं तिला खुर्ची दिली, चहा ठेवला.

"एवढी फुलं तोडायची नसतात," गुरम्मा म्हणाली.

"अक्का, देवीचंच फूल देवीला वाहिलं. माझं चुकलं का?"

"आत्याबाई दोनच आणायच्या."

"दोनच का पण?"

शिल्पा खरंच विचारत होती. तोंडावर गुर्मी नव्हती की थट्टा नव्हती. बोंडाचं, बियाचं तिला सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं, हे गुरम्माला त्याच क्षणी कळलं. पण नवी आरास हिची, बायांची गर्दी हिच्या दारात, पोटची लेक हिच्याकडं. आता सासूनं कानात सांगितलेलंही हिलाच द्यायचं? गुरम्मानं चहाची कपबशी खाली ठेवली.

"रीत हाय," ती म्हणाली आणि उठली.

वर्षभर ते तिच्या पोटात जळत राहिलं. शिल्पाचं नाव निघालं की तिच्या हातातलं काम थांबायचं. नवरा मलप्पा एकदा जेवता जेवता म्हणाला, "वैजूच्या घरी लई चांगली आरास झालती, न्हाई?" तर तिनं त्याच्या ताटात दुसरी भाकर वाढलीच नाही. स्वतःला मात्र ती सांगायची, मला बनाची काळजी हाय. ते खोटंही नव्हतं. बनात जाऊन तिनं बघितलं होतं, कितीतरी वेल झुडपांवरून हिसकले गेले होते, बोंड कुठं दिसत नव्हतं. तिला वाईट वाटलं. पण वाईट वाटताना आत कुठंतरी गोड वाटत होतं, तेही तिला समजत होतं.

पुढच्या श्रावणात वेल पुन्हा आले. कमी होते, पण आले. त्याच दिवसांत हातपंपावर शिल्पा कुणाला तरी सांगत होती, "औंदा मखराची कमान करायची म्हणून राहिले, फुलांचीच."

मुखेडच्या बाजारादिवशी गाव रिकामं झालं तेव्हा गुरम्मा खुरपं घेऊन बनात गेली. आधी नुसतं बघायला आले, असं तिनं मनाशी धरलं होतं. मग एक वेल ओढला. मऊ मातीतून मुळाचा गड्डा वर आला, नांगराच्या फाळासारखा वाकडा. त्यानंतर तिचा हात थांबला नाही. झुडपात शिरून, काटे लागले तरी, तिनं एकेक गड्डा उकरला आणि माती पायानं सारखी केली. तांदळ्याकडं तिनं पाठच ठेवली होती. खडकाच्या आडोशाला एक वेल होता, तो तेवढा सोडला. स्वतःसाठी. ओटीतले गड्डे पुराच्या पाण्यानं भरलेल्या ओढ्यात टाकले आणि हात चोळून चोळून धुतले, कारण तो गड्डा विषारी असतो.

सणाच्या आदल्या दिवशी शिल्पा टोपलं घेऊन गेली आणि रिकामं टोपलं घेऊन आली. गुरम्माच्या महालक्ष्म्यांच्या केसात मात्र दोन फुलं होती. गावाला आणखी काय पाहिजे? "हिनं गेल्या साली ओरबाडलं, अंबाई कोपली. गुरम्माला बघा, रीतीनं घेती तर देवी तिला देती." बाया परत गुरम्माच्या दारात आल्या. तिनं सगळ्यांना कुंकू लावलं, ओट्या भरल्या, आणि त्या संध्याकाळी तिला लई बरं वाटलं.

हे बरं वाटणं आठवडाभरही टिकलं नाही. शिल्पानं मनाला लावून घेतलं. ती रोज बनात जायला लागली. तांदळ्यापुढं बसून रडते, मंगळवार धरलेत, लातूरच्या नर्सरीत कळलावीचे गड्डे मिळतात का म्हणून फोन लावते, अशी खबर रोज यायची. ज्या बाया नावं ठेवत होत्या त्याच म्हणायला लागल्या, "चुकली पोरगी, पण मन बघा तिचं. असा पस्तावा कुणाला होतो?" वर्षाराणीचा फोन आला तोही त्यासाठीच. "आई, काकी लई रडून राहिली. तू तिला टोचून बोलू नकोस बघ."

गुरम्मानं फोन ठेवला तर अंगणात शिल्पा उभी. डोळे सुजलेले, वाळून गेलेली.

"अक्का, तुम्ही सांगत होता, मी ऐकलं न्हाई. माझ्या हातानं बन गेलं. आता मी काय करू तेवढं सांगा."

समोर पाया पडायला वाकलेली ती जाऊ, आणि गुरम्माच्या मनात दया आली नाही. मनात आलं ते असं, की हिनं पापसुद्धा माझं उचललं. त्याचंही कौतुक हिचंच व्हायला लागलं.

"उठ," ती ओरडली. "तू काय केलं न्हाईस. तू फुलं तोडलीस. गड्डे मी उपटले. बाजारादिवशी. सगळे."

शिल्पा हळूच सरळ झाली.

"कुठं हायती गड्डे?"

"ओढ्यात. गेले वाहून."

"दोनच का, ते मला तवाच सांगितलं असतं तर, अक्का?"

गुरम्मानं मग सांगितलं. बोंडाचं, बियाचं, सासूचं बोलणं जसंच्या तसं. शिल्पानं ऐकून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि ती निघून गेली.

आता गावभर होणार म्हणून गुरम्मा वाट बघत बसली. हातपंपावर बाया थांबल्या की ती घागर अर्धीच भरून निघायची. पण कुणी काही बोललं नाही. मलप्पा बोलला नाही, लेकीचा फोन आला तोही नेहमीसारखा. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. श्रावणात बनात खडकाआडचा तेवढा एक वेल आला. त्याला दोघींपैकी कुणी हात लावला नाही.

महालक्ष्म्यांना दोन्ही घरी झेंडूच होता. गुरम्मा सगळ्यांच्या आधी शिल्पाकडं हळदीकुंकवाला गेली. शिल्पानं पाट मांडला, कुंकू लावलं, ओटी भरली, थोरली जाऊ म्हणून वाकून नमस्कार केला. मागून आलेली बाई म्हणाली, "जावा असाव्यात तर अशा." शिल्पा न हसता तिला कुंकू लावायला वळली.

गुरम्मा ओटी सावरत घराकडं चालली. सगळं ठाऊक असून हिनं वर्षभर एका शब्दानं तोंड उघडलं नव्हतं. आपल्याला चार दिवस जमलं नसतं. एवढं पोटात ठेवायचं बळ हिच्यात आलं कुठून, याचाच तिला वाटभर हेवा वाटत राहिला.