दुःखाचं औषध

थान खुई डुकरं कापायचा आणि राग आला की समोर येईल ते. त्या सकाळी भात जरा करपला म्हणून त्याने बायकोचं, छिऊचं, तोंड चुलीच्या कडेवर आपटलं. दोन दात पडले. मग हातातला सुरा लेकीवर भिरकावला. शुआंग जेमतेम आठ वर्षांची. सुरा तिच्या कानाजवळून जाऊन दारात रुतला. पाठोपाठ थान स्वतःच भडाभडा रक्त ओकला.

"यकृतात आग आहे," नाडी पाहून लू वैद्य बाहेर येऊन छिऊला म्हणाले. "पुढच्या झटक्यात हा तरी मरेल, नाहीतर पोर तरी."

"काढा दिला की माझ्याच डोक्यावर ओततो, वैद्यबुवा."

"मग काढा नकोच. राग दुःखाने विझतो. पोरीला गुपचूप नदीपलीकडे तुझ्या बहिणीकडे धाड आणि ह्याला सांग, बुडाली."

छिऊने पोरीचा भिजका जोडा नवऱ्यापुढे ठेवला, होडीतून पडून बुडाली म्हणाली. थानने आधी तिलाच लाथांनी तुडवलं, मग धावत जाऊन होडीवाल्याचं डोकं फोडलं. आणि मग जोडा छातीशी धरून चिखलात बसला, ढसाढसा रडला. कित्येक दिवस रडला. रक्त थांबलं. हा राक्षस आता मांसाचा पहिला तुकडा बायकोच्या वाडग्यात वाढू लागला. गावाने वैद्याची वाहवा केली. वाहवा करायला गावाचं काय जातं! पोर छिऊची गेली होती.

"आता आणू ना तिला?" तिने विचारलं.

"वेडी आहेस का? आनंद दुःखाला गिळतो. दुःख सरलं की ह्याचा राग पुन्हा मोकळा."

"म्हणजे कधीच नाही?"

लू वैद्य औषधाच्या पुड्या बांधत राहिले.

वसंतात मेलेल्यांची थडगी झाडायचा दिवस आला. थान नदीकाठी बसून लेकीच्या नावाने कागदी पैसे जाळत होता, कावडीतून आणलेलं मांस सुऱ्याने कापून मांडत होता. छिऊ खाली मान घालून शेजारी उभी. तेवढ्यात होडी लागली आणि शुआंग उडी मारून उतरली. घरची ओढ अनावर होऊन ती मावशीला न सांगता निघाली होती.

"बाबा!"

थानने तिला उचलून गरगर फिरवलं. हसला, इतका हसला की धाप लागली. मग हसू एकदम थांबलं. मानेच्या शिरा टरारल्या.

"मला रडवलंस?" तो छिऊकडे वळला. "सगळ्या गावापुढे बायकांसारखं रडवलंस? बुडाली ना ही? मग बुडू दे!"

एका हातात सुरा, दुसऱ्यात पोरीचे केस, असा तो तिला पाण्यात फरफटत नेऊ लागला. शुआंगचं तोंड पाण्याखाली गेलं.

छिऊला त्या माणसाची भीती वाटायची, रोज वाटायची. ती आता कुठे गेली कुणास ठाऊक. तिने कावडीचा बांबू ओढून काढला आणि पहिला घाव मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला, सुरा पाण्यात पडला. दुसरा कोपरावर. केस सुटले. तिसरा गुडघ्यावर. तो रडू लागला, हात जोडू लागला. ती थांबली नाही. शेवटी डोक्यावर जुना व्रण असलेल्या होडीवाल्यानेच तिला मागे ओढलं.

लू वैद्य हाडं बसवायला आले. काम उरकल्यावर त्यांनी छिऊचं मनगट हातात घेतलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"आग आता तुझ्या नाडीत आहे, बाई. उतरवायला हवी."

शुआंग तिच्या मांडीवर झोपली होती, केस अजून ओले. छिऊने हात सोडवून घेतला.

"राहू द्या, वैद्यबुवा," ती म्हणाली. "घरात पोर आहे."